गाठ कडक, पेशी मऊ: संदेश, सांगाडा आणि कॅन्सरची वाढ

प्रश्न असा आहे. विचारणारी मुलगी इंदूरचीच, बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या मामांना गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, शेक दिले, आणि वर्षाच्या आत जबड्याखाली पुन्हा गाठ आली. आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि सेटुक्सिमॅब चालू आहे. डॉक्टर म्हणाले, 'एक औषध पेशीच्या सांगाड्यावर आहे, एक संदेशावर.' तिला कळत नाही ते हे, की वाढीचा संदेश वेगळा आणि सांगाडा वेगळा, मग कॅन्सरमध्ये त्यांचा एकमेकांशी संबंध काय? आणि गाठ हाताला इतकी दगडासारखी का लागते?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, इंदूरलाच काम करते. आमच्या टेबलावर तोंडाच्या बायॉप्सी कधी संपत नाहीत, तेव्हा उत्तरही त्याच बाजूने देते. औषधाचे निर्णय मामांचे डॉक्टर घेतील, मी त्यामागचं जीवशास्त्र सांगते.

आधी थेट उत्तर. बाहेरून आलेला वाढीचा संदेश सांगाडा हलवतो, हे तू वाचलं असशीलच. त्याची उलट बाजू पुस्तकं बहुधा दोन ओळींत उरकतात: सांगाड्यावर पडलेला ताण हाही पेशीसाठी संदेशच असतो, आणि 'वाढ' असा अर्थ घेऊन तो केंद्रकापर्यंत पोचतो. निरोगी ऊतीत या दुहेरी व्यवहाराने वाढीला लगाम बसतो. कॅन्सरमध्ये तोच व्यवहार गाठीला पोसतो.

सांगाड्याची ओळख चटकन करून घेऊ. तीन प्रकारचे धागे असतात: ॲक्टिनचे सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे, इंटरमीजिएट धागे १० नॅनोमीटरचे आणि मायक्रोट्यूब्यूल या पोकळ नळ्या २५ नॅनोमीटरच्या. यातलं फारसं काही कायमचं नसतं. ॲक्टिनचा धागा एका टोकाला जोडला जात असतो आणि दुसऱ्या टोकाला सुटत असतो. मायक्रोट्यूब्यूलची तऱ्हा आणखी वेगळी. १९८४ मध्ये मिचिसन आणि कर्शनर यांनी दाखवलं की काही नळ्या सावकाश वाढत असतात, त्याच वेळी शेजारच्या नळ्या भराभर कोसळत असतात. ही अस्थिरता लक्षात ठेव, मामांचं पॅक्लिटॅक्सेल नेमकं तिच्यावरच काम करतं.

आता संदेश. ईजीएफआर हा पेशीच्या आवरणात बसलेला रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश झेलणारं प्रथिन. बाहेरून ईजीएफ हे वाढीचं प्रथिन त्याला चिकटलं की दोन रिसेप्टर जोडीने येतात आणि आतल्या बाजूला एकमेकांच्या टायरोसिनवर फॉस्फेट चढवतात. (ईजीएफ शोधणाऱ्या स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं, रीटा लेव्ही-माँटाल्चिनी यांच्याबरोबर.) तिथून एक वाट रास, राफ, मेक, अर्क या प्रथिनांच्या साखळीतून केंद्रकात जाते, सायक्लिन-डी हे विभाजनाचं प्रथिन वाढवते आणि पेशीला विभाजनाकडे ढकलते. परीक्षेसाठी सगळे हीच पाठ करतात. पण त्याच रिसेप्टरपासून दुसरी वाट पीआय-३ कायनेजमार्गे (कायनेज म्हणजे फॉस्फेट चढवणारं विकर) रॅक नावाच्या छोट्या प्रथिनाकडे वळते. रॅकमुळे एआरपी-२/३ हा प्रथिनसंच कामाला लागतो, आवरणाच्या कडेला ॲक्टिनचं दाट जाळं तयार होतं आणि पेशीची कड पुढे सरकते. शिवाय कोफिलिन मोकळं होतं. ते जुने धागे कापतं, त्यातून नवी टोकं मिळतात. म्हणजे एकाच रिसेप्टरमधून वाढही निघते आणि चालही.

रॅकची भावंडं म्हणजे रो आणि सीडीसी-४२. ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी १९९२ मध्ये दाखवलं की रो चालू झालं की पेशीत ॲक्टिनचे ताणलेले जाड दोर उभे राहतात, आणि रॅक चालू झालं की कडांना चुण्या पडतात. कॅन्सरमधलं सगळ्यांत कुप्रसिद्ध प्रथिन, रास, याच मोठ्या कुळातलं आहे. वाढीचं बटण आणि सांगाड्याचं बटण ही एकाच घराण्यातली प्रथिनं निघावीत, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

याहून जुना धागा कोंबडीचा आहे. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीचा गाळलेला, पेशीविरहित रस दुसऱ्या कोंबडीला टोचून गाठ उठवली. त्यांना नोबेल मिळायला १९६६ उजाडलं. त्या विषाणूतला सार्क हा जीन मुळात निरोगी कोंबडीच्याच पेशींतला, हे १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांच्या गटाने दाखवलं. सार्क हे प्रथिन दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं, म्हणजे संदेशवहनातलं. पण त्याच्या कामाची एक मोठी जागा कोणती, तर पेशी जिथे पाय रोवून उभी असते ती. तिथे इंटेग्रिन नावाची प्रथिनं बाहेरच्या कोलॅजनला, म्हणजे ऊतीला आधार देणाऱ्या चिवट धाग्यांना, धरून असतात आणि आतून ॲक्टिनचे दोर त्यांना बांधलेले असतात. सार्क बेलगाम झालं की ती पकड सैल होते, दोर विरतात, पेशी गोल होते, आणि तरीही वाढत राहते.

'तरीही' म्हणण्याचं कारण असं, की निरोगी पेशी असं करत नाही. तिला पाय टेकायला जागा लागते. ज्यूडा फोकमन आणि ॲन मोस्कोना यांनी १९७८ मध्ये दाखवलं की पेशी जितकी पसरून बसेल तितकं तिचं डीएनए बनवणं वाढतं. तिला गोल राहायला भाग पाडलं तर ते थांबत जातं. सूक्ष्म आकाराच्या चिकट बेटांवर पेशी बसवून १९९७ मध्ये ख्रिस्तोफर चेन, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी हेच आणखी नेमकं केलं: पृष्ठभागाचं रसायन तेच, पण पसरायला जागा मिळाली ती पेशी वाढली, आखडून बसावं लागलं ती मेली. पाय सुटलेली पेशी स्वतःहून मरते, हे फ्रिश आणि फ्रान्सिस यांनी १९९४ मध्ये नोंदवलं, त्या मरणाला अनॉइकिस म्हणतात. रास किंवा सार्क बिघडलेल्या पेशी मात्र मऊ अगारमध्ये (जेलीसारख्या माध्यमात) अधांतरी टांगलेल्या असतानाही वसाहती करतात. तुझ्या प्रयोगशाळेत ही चाचणी तू कदाचित केलीही असशील. एखादी पेशी कॅन्सरच्या वाटेला लागली आहे का, हे तपासायला ती आजही वापरतात.

मग आकाराची आणि ताणाची खबर केंद्रकाला देतं कोण? त्याचं एक ठोस उत्तर २०११ मध्ये इटलीत पाडोव्हाच्या पिकोलो यांच्या गटाने दिलं: याप आणि ताझ ही जोडप्रथिनं. पेशीखालचा पाया कडक असला, ॲक्टिनचे दोर ताणलेले असले, की याप केंद्रकात शिरतं आणि वाढीचे जीन उघडतं. पाया मऊ असला की ते बाहेर पेशीरसात राहतं. पण पाया कडक आहे हे पेशीला कळतं कसं? ती ओढून पाहते. नर्मदेच्या घाटावर पाण्यात उतरताना आपण पायाने तळ चाचपतो, तशी ती इंटेग्रिनच्या मुठीत कोलॅजन धरून मायोसिन या खेचणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर खेचत राहते. समोरून जितका प्रतिकार येतो तितकी तिची पकड घट्ट होते, तितकं त्या जागी फॅक हे कायनेज चालू होतं. फॅककडून वाट पुन्हा सार्क, रास आणि अर्ककडेच जाते. ईजीएफचा एक थेंबही न वाढता वाढीचा संदेश जोरात वाजू लागतो, तो असा. व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने २००५ मध्ये स्तनाच्या पेशींवर हे दाखवलं: नुसता जेल कडक केला, तर नीट गोल रचना करून बसणाऱ्या पेशी विस्कटल्या आणि वाढू लागल्या.

हे वाचताना मला आपल्या गावचीच तोंडं आठवतात. इंदुरात पाऊच, म्हणजे सुपारीच्या मसाल्याची पुडी, खाणाऱ्या माणसाची गालाची बायॉप्सी आली की कॅन्सर नसला तरी बहुतेक वेळा खाली एक पांढरट, एकसारखा, जवळपास बिनरक्ताचा कोलॅजनचा थर दिसतो. हा ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. गाल आतून पुठ्ठ्यासारखा होत जातो, तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, मग दोन, मग एक. कारण सुपारी. तिच्यातलं ॲरेकोलिन हे रसायन फायब्रोब्लास्टना, म्हणजे ऊतीतले आधाराचे धागे विणणाऱ्या पेशींना, कोलॅजन बनवायला लावतं आणि तिच्यातलं तांबं लायसिल ऑक्सिडेज या विकराला जोर देतं. हे विकर कोलॅजनचे धागे एकमेकांना आडवे सांधतं. सांधलेलं कोलॅजन कडकही होतं आणि सहजी विरघळतही नाही. आता हे वरच्या परिच्छेदाशेजारी ठेवून बघ. वीव्हर यांच्याच गटाने २००९ मध्ये उंदरांत दाखवलं की लायसिल ऑक्सिडेज रोखलं तर ऊती कमी कडक होते, फॅकचा जोर उतरतो आणि गाठी कमी होतात. सुपारी नेमकं याच्या उलट करते.

तरी ताणावरच सगळा भार टाकू नये. सुपारीतली आणि तंबाखूतली रसायनं डीएनए थेट बिघडवतात, तो वाटा मोठा आहे. पण बिघडलेल्या पेशीच्या पायाखालची जमीन मऊ असती तर ती कदाचित गप्प बसली असती, कडक जमिनीवर तिला वाढायला आयतं निमित्त मिळतं. केरळात अशा रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा झाला, त्यांतल्या ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला. ती नोंद १९८५ ची. तंबाखू नसलेलं पान-सुपारीही कॅन्सरकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये छापून टाकलं आहे. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तेव्हापासून पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते. दोन्ही फाडून हातावर एकत्र करायला किती वेळ लागतो, ते कुठल्याही टपरीवर दिसतं. 'मी तंबाखू घेत नाही, फक्त सुपारी' असं म्हणणाऱ्याला मी हा लायसिल ऑक्सिडेजचा किस्सा ऐकवते. काही जण ऐकतातही.

आता गाठ कडक का. बोटाला जो कडकपणा लागतो तो मुख्यतः कॅन्सरच्या पेशींचा नसतो. तो त्यांच्याभोवती जमलेल्या कोलॅजनचा आणि ते ओढून धरणाऱ्या फायब्रोब्लास्टचा असतो. काचपट्टीवर बघताना कित्येकदा कॅन्सरच्या पेशींची बेटं लहान आणि भोवतीचा हा पसारा मोठा दिसतो. पेशी स्वतः उलट मऊ असते. २००७ मध्ये रुग्णांच्या छातीतल्या पाण्यातून पेशी घेऊन अतिसूक्ष्म सुईने दाबून मोजलं गेलं. पसरलेल्या कॅन्सरच्या पेशी त्याच द्रवातल्या साध्या पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून जास्त मऊ निघाल्या. कडक परिसरातून फटी शोधत जायचं तर मऊ असणं फायद्याचंच. बाहेरचा ताण वाढीचा संदेश देतो आणि आतला सैल सांगाडा निसटायला मदत करतो, दोन्ही एकाच वेळी.

निसटण्याबद्दल मात्र एक मत मांडते. पेशी केरॅटिन (अस्तराच्या पेशींचे इंटरमीजिएट धागे) टाकून व्हायमेंटिन (दुसऱ्या जातीचे तसेच धागे) घालते, शेजारणींना धरणारं ई-कॅडहेरिन सोडते आणि एकटी निघून जाते, हे चित्र व्याख्यानांत फार लोकप्रिय आहे. स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरमध्ये ई-कॅडहेरिन खरंच गेलेलं असतं आणि पेशी एकामागे एक रांगेत दिसतात. पण तोंडाच्या कॅन्सरमध्ये मी रोज बघते ते असं नाही. तिथे बहुतांश पेशी घोळक्याने, एकमेकींना धरून आत घुसतात, केरॅटिन शाबूत ठेवून. गाठीच्या पुढच्या कडेला असलेल्या पेशीच तेवढ्या अर्धवट बदललेल्या असतात. डोक्या-मानेच्या गाठींच्या एकेका पेशीचा २०१७ मध्ये जो अभ्यास झाला, त्यातही हाच अर्धवट बदल पुढच्या कडेला सापडला. म्हणून आम्ही रिपोर्टमध्ये गाठ किती रुंद आहे एवढंच लिहीत नाही. ती किती मिलिमीटर खोल गेली, कडेला मोठे घोळके आहेत की चार-पाच पेशींचे तुकडे, नसेभोवती गेली का, हेही लिहितो. २०१८ पासून लागू झालेल्या स्टेजिंगमध्ये तोंडाच्या कॅन्सरसाठी खोली मोजतातच, ५ आणि १० मिलिमीटर या तिच्या पायऱ्या. मामांचा जुना रिपोर्ट काढून बघ, हे सगळं त्यात असेल.

या वाटचालीत सोबतीही असतात. स्तनाच्या गाठींत दिसलं आहे की मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी ईजीएफ सोडतात आणि कॅन्सरच्या पेशी त्यांना बोलावणारं सीएसएफ-१ सोडतात. दोघी एकमेकींच्या ओढीने कोलॅजनच्या धाग्यांवरून रक्तवाहिनीकडे सरकतात.

इंटरमीजिएट धाग्यांबद्दल मघाशी फारसं काही बोलले नाही. आमचा धंदा त्यांच्यावर चालतो, म्हणून दोन शब्द. मानेतल्या गाठीत ओळख न पटणाऱ्या पेशी सापडल्या तर आम्ही त्यांच्या सांगाड्यालाच रंग लावतो. केरॅटिन मिळालं तर मूळ त्वचेचं किंवा अस्तराचं असण्याची शक्यता, डेस्मिन मिळालं तर स्नायूचं. पेशी बिघडली तरी कुळाचा धागा बहुधा टाकत नाही.

आता औषधं. सेटुक्सिमॅब हे ईजीएफआरला बाहेरून चिकटणारं प्रतिपिंड, ईजीएफला जागाच मिळू नये म्हणून. डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. या कॅन्सरपैकी बहुतेकांत ईजीएफआर भरपूर असतो, पण म्हणून औषध सगळ्यांना लागू पडत नाही. पुन्हा उलटलेल्या रोगात ते एकटं दिलं तेव्हा गाठ ठळक लहान झाली ती सुमारे १३ टक्के रुग्णांत. कारण तुझ्या लक्षात आलंच असेल: रिसेप्टरचं दार बंद केलं तरी इंटेग्रिन आणि फॅकचं दार उघडंच राहतं, आणि रासच बिघडलं असेल तर दाराचा प्रश्नच उरत नाही. म्हणूनच जोडीला दुसऱ्या बाजूचं औषध लागतं.

पॅक्लिटॅक्सेल पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून मिळालं. त्याची रचना १९७१ मध्ये मनरो वॉल यांच्यासोबत उलगडणारे मनसुख वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे. ते काम कसं करतं हे सूझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये शोधलं: ते मायक्रोट्यूब्यूल मोडत नाही, उलट त्यांना मोडूच देत नाही. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढून नेण्यासाठी या नळ्या वाढायला आणि कोसळायला हव्यात, त्या गोठल्या की गुणसूत्रांची वाटणी बिघडते. पेशी विभाजनात अडकून मरते, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. पुढे स्तनाच्या गाठींत दिसलं की रुग्णाच्या शरीरात मिळणाऱ्या मात्रेला पेशी बरेचदा अडकत नाहीत. त्या दोनाऐवजी तीन-चार दिशांना फाटतात आणि पिल्लं जगत नाहीत. सदाफुलीतून निघालेली व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन हीही याच नळ्यांवरची औषधं, पण उलट चालीची. ती नळ्या जुळूच देत नाहीत.

मग ॲक्टिनवर औषध का नाही, असं तू विचारशील. हृदय आणि स्नायू त्याच्यावरच चालतात, म्हणून. कोलॅजन खाणारी विकरं रोखून कॅन्सरची वाट अडवायचे प्रयोगही १९९० च्या दशकाअखेरीस मोठ्या चाचण्यांत पडले. प्रयोगशाळेतल्या पेशीची चाल थांबवणं सोपं असतं. रुग्ण येतो तेव्हा पेशी कित्येकदा आधीच निघून गेलेल्या असतात. मला आशा वाटते ती पाय रोवण्याच्या जागेबद्दल. मे २०२५ मध्ये अमेरिकेत डेफॅक्टिनिब या फॅक रोखणाऱ्या गोळीला पहिल्यांदा मान्यता मिळाली, तीही रासची वाट अडवणाऱ्या ॲव्हुटोमेटिनिबच्या जोडीने, बीजकोशाच्या एका विशिष्ट, केरास (रासचाच एक प्रकार) बिघडलेल्या कॅन्सरसाठी. मामांच्या आजारासाठी ते नाही. पण पकड आणि वाढ दोन्ही एकदम दाबायची, ही कल्पना आता प्रयोगशाळेतून दवाखान्यात आली आहे.

मामांच्या बाबतीत दोन गोष्टींकडे लक्ष ठेव. मज्जातंतूंच्या लांब धाग्यांतली वाहतूक मायक्रोट्यूब्यूलवरूनच चालते, म्हणून पॅक्लिटॅक्सेलने हातापायांची बोटं बधिर होतात. शर्टाची बटणं लावायला त्रास होऊ लागला, चप्पल पायातून निसटलेली कळेना, तर पुढच्या डोसच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं. मात्रा कमी करता येते. सेटुक्सिमॅबने चेहऱ्यावर मुरमांसारखं पुरळ येतं, कारण ईजीएफआर त्वचेलाही लागतो. त्याने रक्तातलं मॅग्नेशियमही उतरतं, ते तपासून घ्या. आणि आपल्याकडे घरोघरी कुंडीत सदाफुली असते, तिची पानं उकळून प्यायचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. व्हिनक्रिस्टीन शिरेतूनच देतात, मोठ्या माणसालाही एका वेळी बहुधा २ मिलिग्रॅमच्या वर नाही, कारण तेही याच नसांना इजा करतं. काढ्यात किती उतरलं हे मोजायची सोय नाही. मामांच्या नसांवर आधीच एक औषध चालू आहे, तेव्हा तो काढा त्यांना देऊ नका.